गुलजारबीच्या भिंतीवरची लेकुरवाळी

आमच्या गल्लीत भिंतीवरच्या कोळ्यांना जेवढा मान आहे तेवढा जावयांनाही नाही, आणि याला कारण एकच बाई. गुलजारबी शेख, लेडीज टेलर, माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारी. नाशकातल्या वडाळा नाक्याच्या मागची ही गल्ली. अर्ध्या घरांवर निळे झेंडे, अर्ध्यांवर हिरवे, आणि पत्रे सगळ्यांचे सारखेच गळके. माझं घर आणि गुलजारबीचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे, पण बांधणाऱ्याने वर पत्र्याखाली वीतभर फट तशीच ठेवून काम सोडलं. त्या फटीतून माझी फोडणी तिकडे जाते, तिची बिर्याणी वासापुरती इकडे येते, आणि कोळी येतात. आलेला कोळी परत गेल्याचं मला आठवत नाही. माझ्याकडे लांब दांड्याचा झाडू आहे.

गुलजारबी जाळं काढत नाही. फरशी दोनदा पुसेल, भांडी अशी घासेल की त्यात तोंड बघून भांग पाडावा, पण कोपऱ्यातल्या जाळ्याला हात लावणार नाही. पैगंबरसाहेब गुहेत होते तेव्हा मकडीने तोंडाशी जाळं विणलं आणि शत्रू माघारी गेले, ही गोष्ट तिला आईने सांगितली होती. ते एक कारण. दुसरं तिचं स्वतःचं. तिचे वडील मालेगावला मागावर होते. "ती पण विणणारी, आम्ही पण विणणारे," ती म्हणते. "आपल्याच धंदेवाल्याचं दुकान मोडायचं नसतं, ताई." यावर काय बोलणार? मी महापालिकेत कारकून आहे. माझ्या धंद्यातला एकही प्राणी भिंतीवर येत नाही.

ठेंगणी, गोल चेहऱ्याची, गळ्यात टेप. टेप लग्नातही गळ्यातच असतो. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे शब्द एका बाजूने येतात. गल्लीतल्या प्रत्येक बाईची कंबर तिला पाठ आणि ती गुप्त ठेवण्याची तिला अजिबात गरज वाटत नाही. "लताबाई, मागल्या ईदपासून दोन इंच," असं भर नळावर सांगणारी बाई. लताबाई आठवडाभर बोलत नाहीत आणि मग नवा ब्लाउजपीस घेऊन तिच्याचकडे येतात.

नवरा मुस्तकीमभाई टेम्पो चालवायचे. ते गेले तेव्हा मुलगी अरफा पाचवीत होती. तेव्हापासून घर चालतं ते शिलाई मशीनवर आणि गुलजारबीच्या थापांवर. हो, थापाच. तिच्यासारखी थापाडी बाई मी नाशकात दुसरी पाहिली नाही. सगळ्या थापा एकाच विषयावर: "माझं जेवण झालं." मुलीला संशय येऊ नये म्हणून ही बाई ओठांना तूप चोळून बसायची. अरफा मोठी झाली आणि मोरीतली ताटं तपासायला लागली, तर हिने कोरडं ताट नळाखाली धरून उष्ट्यात ठेवायला सुरुवात केली. एकदा तर भिंतीपलीकडून मोठ्याने ढेकर ऐकू आला आणि पाठोपाठ अरफाचा आवाज: "अम्मी, भाजी अजून गॅसवरच आहे."

अशा घरात वाढलेली मुलगी शिकून शिकून काय शिकणार? प्राणिशास्त्र. बाकीच्या पोरी कोळी बघून किंचाळायच्या, अरफा आईचा टेप काढून त्याचे पाय मोजायची. एम.एस्सी. झाली आणि तिला केरळात कोळ्यांवरच्याच एका संशोधनात जागा मिळाली. जूनमध्ये हजर व्हायचं, निदान दोन वर्षं तिथे राहायचं. केरळ नेमकं कुठे आहे हे गुलजारबीला ठाऊक नव्हतं, पण गल्लीला तिने सांगून टाकलं की आता हिंदुस्थानातल्या सगळ्या मकड्यांची हजेरी अरफाच घेणार.

अडचण एकच होती आणि ती गुलजारबी व मी, दोघींनाच माहीत होती. गुलजारबीला दिसत नव्हतं.

म्हणजे अगदी आंधळी नव्हे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पिकलेला. डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करा, उशीर केला तर अवघड जाईल, असं स्पष्ट सांगितलं होतं. ही घरी आली आणि मला भिंतीपाशी बोलावून म्हणाली, "रोहिणीताई, अरफाला यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं तर पोरगी जाणार नाही. इथंच कुठंतरी शिकवणी घेत बसेल आणि मला थेंब घालेल. ती गाडीत बसली की दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात." मी म्हटलं, भाभी, तोवर डोळा गेला तर? "एक जाईल. दुसरा हाय की." मग तिने मला माझ्या मुलाची, सनीची शपथ घातली. मी शपथा मानत नाही, पण सनीला मानते, त्यामुळे गप्प बसले.

तेव्हापासून आमच्या दोन घरांत लोणच्याचा डबा ये-जा करायला लागला. डब्यात लोणचं नव्हतं. सुया होत्या आणि दोऱ्याची रिळं. मी ऑफिसातून आल्यावर चहा ठेवायच्या आधी त्या ओवून द्यायची. काळा दोरा, पांढरा दोरा, मोरपंखी दोरा. अरफा म्हणायची, "मावशी, तुमच्याकडे एवढं लोणचं लागतं?" मी म्हणायची, सनीला आवडतं. सनीने लोणच्याला आयुष्यात बोट लावलेलं नाही.

त्या मे महिन्यात सनीचं लग्न ठरलं होतं. आमच्यात नवरा-नवरी पांढऱ्यात. शेरवानी कुणाकडे टाकायची हा प्रश्नच नव्हता; मेन रोडवरून पांढरं कापड आणलं आणि गुलजारबीच्या हातात दिलं. तिने त्याच कापडाची मढवलेली बटणं करायला घेतली, चपटी, गोल, रुपयाएवढी. जन्मात कुणी केली नसतील अशी होणार, असं ती सांगत होती.

आणि एका संध्याकाळी फटीतून तिचा दबका आवाज आला. "रोहिणीताई, या. चोरी झाली."

गेले. गुलजारबी मशीनसमोर उभी, कपाळावर घाम. "एक बटण कमी हाय. आणि चोर तो बघा."

भिंतीवर हाताच्या पंज्याएवढा कोळी होता. तपकिरी, लांब पायांचा, आणि पोटाखाली त्याने काहीतरी पांढरं, गोल, चपटं घट्ट धरलं होतं. आता खरं सांगायचं तर कोळ्याकडे मी कधीच नीट बघत नाही; एक डोळा मिटते आणि दुसऱ्याने झाडू शोधते. शिवाय कोळ्याने चोरी केली यात मला नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. मी त्या जातीला पहिल्यापासून ओळखून आहे. मी लगेच विश्वास ठेवला.

"मारायचं नाय," गुलजारबीने आधीच बजावलं. "मागून घ्यायचं."

आणि पन्नाशी उलटलेली ती बाई स्टुलावर चढून कोळ्याशी बोलायला लागली. "मकडीबाई, दे गं. लग्नाचं हाय. तुला दुसरं देते." तिने खरोखरच शर्टाचं एक साधं बटण चिमटीत धरून त्याच्यापुढे केलं. मोबदला. कोळी दोन पावलं मागे सरकला, पण पांढरं सोडेना. मी खालून झाडू पुढे केला, तसा तो सरसर वर चढला, फटीतून माझ्या घरात उतरला आणि आमच्या घड्याळामागे जाऊन बसला. आम्ही दोघी पाठोपाठ. तेवढ्यात सनी कामावरून आला. घड्याळाखाली आई झाडू घेऊन उभी, शेजारची खाला घड्याळाला विनवण्या करतेय, असं बघून तो दारातच थांबला. "काय झालं?" "तुझं बटण गेलं," मी म्हटलं. त्याने पायातले बूट न काढता बॅटरी मारली. तिघांचं मिळून हे चाललं होतं आणि मागून अरफा आली.

तिने घड्याळ अलगद कलतं केलं, बघितलं आणि हसत हसत खाली बसली. "अम्मी, बटण नाही ते. अंडी आहेत तिची. पिशवी विणून पोटाशी धरलीय. पोरं बाहेर येईपर्यंत ती अशीच फिरणार. या दिवसांत खात नाही ती, शिकारही करत नाही. तोंडाजवळच्या छोट्या पायांनीच पिशवी धरलेली, खाणार कशी?"

"मग माझं बटण?" गुलजारबी म्हणाली.

अरफा आईच्या घरात गेली आणि लगेच परत आली. हातात बटण होतं. मशीनवरच्या खडूंच्या डबीत, सगळ्यात वर पडलेलं. आईच्या नाकासमोर. आता ती हसत नव्हती.

"अम्मी, हे तुला दिसलं नाही?"

"घाई होती."

"माझ्या हाताची बोटं किती?"

"पाच. जन्मलीस तेव्हाच मोजून घेतलीत."

"आत्ता मी किती दाखवतेय?"

गुलजारबीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून खुणावलं, पण माझी मान दिसली असती तर बोटंही दिसली असती. "तीन," ती ठोकून म्हणाली. अरफाने हात वर केलेलाच नव्हता.

मग अरफा आमच्या ओट्यापाशी गेली, लोणच्याचा डबा उघडला आणि मोरपंखी दोरा ओवलेली सुई उचलून माझ्यापुढे धरली. मी सनीकडे बघितलं. सनी म्हणाला, "मी लोणचं खातच नाही." पोटची पोरं अशी ऐनवेळी उलटतात.

त्या दिवशी दोघी मायलेकी भिंतीपलीकडे भांडल्या. एरवी घरात त्यांचं हिंदी, आमच्यासमोर मराठी, पण भांडणाला दोन्ही भाषा पुरत नव्हत्या. अरफाचा मुद्दा सरळ होता: मी केरळला जात नाही. गुलजारबीचा त्याहून सरळ: तू जात नसशील तर मी ऑपरेशन करत नाही. दोघींना एकमेकींसाठी जीव टाकायचा होता आणि आधी कोण टाकणार यावरून कुणी मागे हटेना. मला दोघींचाही फार राग आला. खोटं कशाला सांगू, माझ्या सनीने माझ्यासाठी कधी असं भांडण काढलं नाही, तो एक राग वेगळा.

मधल्या काळात ती लेकुरवाळी माझ्याच घरात मुक्कामाला होती. तिला हात लावायचा नाही असं अरफाने बजावलेलं, त्यामुळे मी माझ्याच घड्याळात वेळ बघायला घाबरत होते. गुलजारबी रोज यायची. मेलेलं झुरळ कागदावर ठेवून घड्याळाखाली धरायची. "खा गं. अशी उपाशी राहिलीस तर पोरांना कोण बघणार?"

अरफा दारातून ऐकत होती. "अगदी बरोबर. हेच तुला आरशासमोर म्हण."

गुलजारबीने झुरळ खाली ठेवलं. मग अरफाने तिला त्र्यंबकच्या रस्त्याला काटेरी झुडपांवर राहणाऱ्या दुसऱ्या कोळ्यांबद्दल सांगितलं. त्यांची आई आधी आपल्या पोटातलं काढून पिल्लांना भरवते. तिचं शरीर आतून विरघळत जातं. शेवटी पिल्लं तिच्या अंगावर चढतात आणि तिलाच खाऊन टाकतात, आणि ती पळत नाही. "मला तशी पोर व्हायचं नाही, अम्मी," अरफा म्हणाली. "तुझे डोळे खाऊन मला केरळला जायचं नाही."

 गुलजारबीने गळ्यातला टेप सारखा केला.

"खाल्ल्यावर ती पोरं मोठी होतात?"

"होतात."

"आपापलं जाळं विणतात?"

"विणतात."

"मग त्या बाईचं निदान सार्थक तरी झालं. तू मला अर्धी खाऊन इथंच बसणार. ना तुझं पोट भरलं, ना माझं काम झालं."

 यावरचं उत्तर प्राणिशास्त्रात शिकवत नसावेत.

शेवटी मी मध्ये पडले. रागानेच. दोघींना माझ्या ओट्यासमोर बसवलं आणि सांगितलं, अरफाने तिकीट काढून माझ्याकडे द्यायचं, भाभीने ऑपरेशनची तारीख घेऊन माझ्याकडे द्यायची. आधी डोळा. तो नीट झाला की तिकीट परत. कुणी शब्द मोडला तर दुसरीला मोकळीक. दोघींचा एकमेकींवर काडीचा विश्वास नव्हता, पण माझ्यावर होता, हे त्यांचं दुर्दैव.

सरकारी दवाखान्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. शेरवानी त्याआधीच शिवून झाली होती. फक्त बटणं राहिली होती, ती अरफाने लावली. डॉक्टरांनी महिनाभर मशीनवर बसायचं नाही असं सांगितल्यामुळे काळा चष्मा लावून गुलजारबी पलंगावर बसून सगळ्यांना हुकूम सोडायची. त्याच आठवड्यात माझ्या घड्याळामागची पिशवी उघडली. भिंतभर कणाकणाएवढी पोरं. मी झाडू उचलला आणि परत ठेवला. मायेने नाही, अरफा शेजारी उभी होती म्हणून. दोन दिवसांनी भिंतीवर त्या आईने एक भलंमोठं झुरळ पकडलं. ही बातमी पलीकडे पोचली तशी गुलजारबी उठून बसली. "बघ अरफा. पोरं वाटेला लागली की आई आपोआप जेवते. तू जा, मग मी पण जेवते."

पण अरफाची समजूत पटेना. डोळा बरा होत होता तरी तिचं नवं चालू झालं. दुसरा डोळा बाकी आहे. थेंब कोण घालणार? भाजी कोण आणणार? ताट कोण तपासणार? तिकीट माझ्या कपाटात होतं आणि ती ते मागत नव्हती. तिला आईच्या मोतीबिंदूची भीती नव्हतीच. तिच्या मागे आई एकटी पडेल आणि मजेत आहे अशी थाप मारत राहील, ही भीती होती. त्यावर मीही काय सांगणार? मी आहे, असं म्हणून बघितलं. ती हसली आणि म्हणाली, "तुम्ही तर लोणचं पाठवत होता, मावशी."

सनीच्या लग्नाला सगळी गल्ली समाजमंदिरात जमली. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, फुलं पडली. गुलजारबी पहिल्या रांगेत, काळा चष्मा, गळ्यात टेप. विधी आटोपल्यावर ती जोडप्याला आशीर्वाद द्यायला मंचावर चढली, सनीसमोर उभी राहिली आणि तिने चष्मा काढला.

ऑपरेशननंतर स्वतःची शिलाई ती पहिल्यांदाच बघत होती.

सनीची कॉलर एका बाजूला कललेली. डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब. पुढची पट्टी छातीपाशी सरळ निघून पोटापाशी भलतीकडे गेलेली. ती हळूच म्हणाली, "उतरव. मी नीट करून देते."

"राहू दे खाला," सनी म्हणाला. "मस्त आहे."

"ट्रायल दिली तेव्हा दिसलं नाय तुला?"

"दिसलं ना."

गुलजारबी वळली. माझ्या पाठीवर ब्लाउजची शिवण मणक्याला सोडून चालली होती. गेलं वर्षभर माझे सगळेच ब्लाउज तसे आहेत. लताबाईंच्या कुर्त्याचे दोन खिसे दोन उंचीवर. पुढच्या रांगेतल्या भागीबाई, मागची पिंकी, पिंकीच्या पोरीचा फ्रॉक, जिकडे बघावं तिकडे गुलजारबीचं काम, आणि एकही गळा मध्यावर नाही. बायका नव्या कपड्यांत नटून बसल्या होत्या आणि तिने बघितलं तशी एकेक जण पदर, ओढणी सारखी करायला लागली. लताबाई, ज्या दोन इंचांवरून आठवडाभर बोलत नाहीत, त्यासुद्धा खिशावर हात ठेवून तिसरीकडे बघत होत्या.

"तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं," गुलजारबी म्हणाली.  "आणि तरी कापड माझ्याकडेच टाकत होता."

"मेन रोडला शिलाई महाग पडते," लताबाई म्हणाल्या. हे साफ खोटं होतं, आणि थापांचा मक्ता आजवर ज्या बाईकडे होता तिला ते लगेच कळलं. ती मंचाच्या पायरीवर बसली आणि रडली. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मी धावले, पण माझ्याआधी पिंकी पोचली, भागीबाई पोचल्या, रुमाल तर इतके पुढे आले की डोळा कुठला ते सापडेना. मलाही रडू आलं. मुलाच्या लग्नात आई रडली तर कुणी कारण विचारत नाही, ते एक बरं.

अरफा खांबाला टेकून हे सगळं बघत होती. आईच्या भोवती जमलेले ते वाकडे गळे, वाकड्या बाह्या ती एकेक करून पाहत गेली. मग माझ्याजवळ आली.

"मावशी," ती म्हणाली, "माझं तिकीट द्या."